आवळलेला बोल्ट लांब होतो

पाना फिरवून बोल्ट आवळला की तो लांब होतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका, मिलिमीटरचा एखादा अंश. पण सगळी करामत त्या अंशातच आहे. डोकं आणि नट यांच्यामध्ये अडकलेली पोलादी दांडी ताणलेल्या रबरासारखी परत आखूड व्हायला बघते, आणि त्या ओढीने मधल्या पट्ट्या एकमेकींवर दाबून धरते.

लातूर-नांदेडच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘पाच सुती’ म्हणून मिळतो तेवढ्या जाडीचा, म्हणजे १६ मिलिमीटरचा बोल्ट घ्या. (आठ सुतांचा एक इंच, मेट्रिक मापं येऊन इतकी वर्षं झाली तरी गिऱ्हाईक सुतातच बोलतं.) त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा उठवलेला असेल, तर नीट आवळल्यावर त्याच्या अंगात सुमारे ७ टनांचा ताण असतो. हा आकडा म्हणजे बोल्टाची कुंडलीच. पहिला ८ सांगतो की तुटण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसेन. टिंबानंतरचा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणलंत तर सोडल्यावर मूळ लांबीवर परत येईन. त्यापुढे गेलात तर लांब झालो तो झालोच. मुठीत मावणाऱ्या वस्तूने इतकं स्वच्छ सांगावं, याचं मला अजून नवल वाटतं.

दोन पट्ट्या बोल्टाने जोडल्या की त्या सरकू नयेत म्हणून बोल्ट आडवा उभा राहतो, असा आपला समज असतो. उत्तम आवळलेल्या सांध्यात तसं होत नाही. पट्ट्या एकमेकींवर इतक्या दाबलेल्या असतात की त्यांच्यातलं घर्षणच त्यांना सरकू देत नाही. बोल्ट फक्त दाब पुरवतो. घर्षणाचा हिशेब इथेच संपत नाही. पान्यावर लावलेल्या जोरातला जवळजवळ निम्मा नटाखाली घासण्यात जातो, उरलेल्यातला बराचसा आट्यांमध्ये, आणि बोल्ट ताणायला हाती लागतो तो साधारण दहावा हिस्सा. उधळपट्टीच म्हणायची. पण हे घर्षण नसतं, तर हात काढल्याबरोबर नट उलटा फिरून मोकळा झाला असता.

स्क्रूला नट लागत नाही. तो ज्या वस्तूत शिरतो तिलाच नट करून घेतो. लाकडात शिरताना आपले आटे आपणच पाडतो. खिळ्याकडे आटेही नाहीत. त्याने बाजूला सारलेले लाकडाचे तंतू परत जागेवर येऊ बघतात आणि त्याला चिमटीत पकडतात, तेवढीच त्याची पुंजी. अनुभवी सुतार फळीच्या कडेला खिळा ठोकण्याआधी त्याच्या टोकावर हातोडी मारून ते बोथट करतो. अणकुचीदार टोक तंतूंना पाचरीसारखं फाकवतं आणि फळी तडकते; बोथट टोक तंतू चिरडत, तोडत आत जातं.

आणि रिव्हेट? लातूरचा अडकित्ता पूर्वीपासून नावाजलेला. त्याची दोन पाती जिथे मिळतात तिथे एक आखूड दांडी असते, दोन्ही टोकं ठोकून फुलवलेली. तीच रिव्हेट. जास्त ठोकली तर अडकित्ता उघडणार नाही, कमी ठोकली तर पातं डगमगेल आणि सुपारी फुटण्याऐवजी निसटेल. पाती वेगळी होऊ द्यायची नाहीत, पण फिरू द्यायची, असा हा दुहेरी हुकूम आहे.

पुलाच्या रिव्हेटीला मात्र हालचाल अजिबात नको असते. तिथे ती लालभडक तापवून भोकात घालतात, बाहेर आलेलं टोक ठोकून डोकं करतात आणि मग काहीच करत नाहीत. निवताना ती आखडते आणि पोलादी पत्रे आवळून धरते. बोल्टाला ताण पान्याने येतो, रिव्हेटीला निवण्याने. आपल्याकडचे लोहार ही युक्ती कधीपासून वापरतात! बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना ती मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात तापवून मोठी करायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, वाफ उठते आणि आखडणारी धाव सगळे आरे तुंब्याकडे दाबते.

लातूर जिल्ह्यात जोडणीबद्दल लिहायचं तर किल्लारीचा भूकंप टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जी घरं पडली, त्यांच्या भिंती हडकुळ्या नव्हत्या. दोन-दोन फूट आणि त्याहून जाड दगडी भिंती, वर माळवदाची जाड माती. उन्हाळ्यात गारवा देणारं हे घर वजनावर उभं होतं. पण वजन फक्त खाली दाबतं, आणि जमीन त्या पहाटे आडवी हलली. भिंत दिसायला एक असली तरी आत दोन होत्या: बाहेरच्या अंगाचे दगड, आतल्या अंगाचे दगड, मध्ये चिपा आणि माती. हादऱ्यासरशी ही दोन अंगं एकमेकांपासून सुटली, भिंत फुगली आणि ढासळली. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला.

उभ्या राहिलेल्या घरांसाठी अभियंत्यांनी जे उपाय सांगितले, त्यांतला एक मला विलक्षण वाटतो. भिंतीतले दगड हाताने हळूच काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. असं ठरावीक अंतरावर भिंतभर. काँक्रीट घट्ट झालं की भिंतीच्या दोन अंगांना शिवणारा एक टाका तयार होतो. हा बोल्टाचा भाऊच, फक्त याला आवळायचं नसतं. तो स्वतःहून दाबत नाही. अंगं सुटू लागली तरच कामाला लागतो. शिवाय खांब आणि तुळई मिळतात तिथे तिरपा लाकडी आधार ठोकायचा, कारण चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. नव्या बांधकामात गवंड्याने भिंतीच्या रुंदीइतके लांब दगड अधूनमधून आडवे घातले, तर हेच काम जवळपास फुकटात होतं.

त्याच लातूरला आता रेल्वेचा डबे बनवण्याचा कारखाना आहे. २५ डिसेंबर २०२० रोजी तिथून डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. आधुनिक डब्याच्या सांगाड्यात रिव्हेटींची जागा वेल्डिंगने घेतली आहे. पण जे भाग झिजतात आणि पुन्हा काढून बघावे लागतात, तिथे बोल्टाला पर्याय नाही. वेल्डिंग सुटत नाही, हा त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण.

सगळ्यात नवलाची जोडणी मात्र डब्याखाली, रुळाशी असते. काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ दाबून धरणारी ती वळलेली, जाड क्लिप. तिला आटे नाहीत, नट नाही, डोकं नाही. ती निव्वळ स्प्रिंग आहे आणि एकेकीचा दाब १,००० किलोच्या आसपास. मुख्य मार्गावर किलोमीटरला १,६६० स्लीपर आणि दर स्लीपरला चार क्लिपा धरल्या, तर ६,६४० झाल्या. मराठवाड्याच्या मे महिन्यात रूळ ३० अंशांनी तापला, तर मोकळा सोडलेला किलोमीटरभर रूळ ३६ सेंटिमीटर वाढला असता. सलग वेल्ड केलेल्या मार्गाच्या मधल्या भागात तो वाढत नाही. क्लिपा त्याला स्लीपरशी धरतात, स्लीपरांना खडी धरते आणि ती सगळी वाढ रुळाच्या पोटात दाब होऊन राहते. खडी कमी पडली किंवा क्लिपा निघाल्या, तर रूळ बाजूला नागमोडी वाकतो. म्हणून कीमन आपल्या वाट्याचा मार्ग पायी तपासतो आणि निसटलेली क्लिप हातोडीने ठोकून परत बसवतो.