हंड्यातील तुरटी आणि चोपण जमीन

पावसाळ्यात ओढ्याचे गढूळ पाणी हंड्यात भरले की घरोघरी त्यात तुरटी फिरवतात. थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो. तुरटी न फिरवता तेच पाणी ठेवले, तर दुसऱ्या दिवशीही ते गढूळच राहते. यातले इंगित ज्याला कळले, त्याला आपली चोपण जमीन कशी सुधारावी हेही कळेल.

काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण हे अतिशय बारीक, पापुद्र्यांचे स्फटिक असतात. एका पापुद्र्याची जाडी सुमारे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! अशा एक ग्रॅम मातीचे सारे पापुद्रे सुटे करून दोन्ही बाजूंचे क्षेत्र मोजले, तर ते सहा-सात गुंठे भरेल. म्हणून या मातीचा स्वभाव कणांच्या अंगाला काय चिकटले आहे, त्यावर ठरतो.

कणांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कण पाण्यात सुटे तरंगतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचा धनभार जबर असतो; त्याने कणांचे भांडण मिटते आणि ते गोळा होऊन खाली बसतात. जमिनीत हेच काम कॅल्शियम करतो. त्याचे धनभार दोन. सोडियमचा धनभार एकच, शिवाय तो भोवती पाण्याचे वेष्टन घेऊन वावरतो. तो कणांना जवळ येऊ देत नाही. मग सुटे कण जमिनीची छिद्रे बुजवतात. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि जमीन वाळली की दगडासारखी होते.

धनभारांच्या एकूण जागांपैकी १५ टक्क्यांहून अधिक जागा सोडियमने बळकावल्या आणि सामू ८.५ च्या वर गेला, की ती जमीन चोपण समजतात. भारी काळ्या जमिनीत त्रास याच्या आधीच सुरू होतो.

घरी एक प्रयोग करून पाहा. काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी घ्या. त्यात वाळलेले लहान ढेकूळ अलगद सोडा आणि पेला न हलवता ठेवा. ढेकळाभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरले, तर सावध व्हा आणि माती परीक्षण करून घ्या.

येथे एक चूक हमखास होते. जमीन खारवट असेल, तर चांगला निचरा आणि गोडे पाणी यांनी क्षार धुऊन निघतात. चोपण जमिनीला मात्र नुसते गोडे पाणी दिले, तर कण अधिकच सुटतात आणि जमीन आणखी बिघडते. म्हणून आधी चर खणून निचरा करावा. नंतर परीक्षणात सांगितले असेल तेवढे जिप्सम वरच्या वीतभर थरात मिसळावे आणि मगच पाणी द्यावे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो व सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून निघून जातो. जमिनीत चुनखडी असेल, तर सल्ल्याने गंधकही वापरता येते. त्याचे आम्ल होऊन चुनखडीतला कॅल्शियम मोकळा होतो. पुढे धैंच्याचे हिरवळीचे खत गाडावे.

हरियाणात कर्नाल येथे १९६९ साली क्षारपड जमिनींसाठी केंद्रीय संशोधन संस्था निघाली. त्या भागातील पुष्कळ पडीक चोपण रानात जिप्सम वापरून पुन्हा भात-गहू उभा राहिला.

तेव्हा उसाला पाट मोकळा सोडण्याआधी विचार करा. अति पाण्याने आणि निचऱ्याअभावी जमीन बिघडायला थोडी वर्षे पुरतात. सुधारायला मात्र पैसा आणि धीर दोन्ही लागतात.