काचपेटीतला खेकडा आणि घरी केलेले दमट हवेचे यंत्र

खेकडा म्हटला की आपल्या घरी मसाला वाटायला घेतात. तो हौसेने पाळायचा, काचेच्या पेटीत ठेवायचा, त्याचे बारसे करायचे, हे वाचक बंधू-भगिनींना नवल वाटेल. पण अमेरिकेत समुद्रकाठच्या सहलीच्या गावी हे खेकडे खेळण्यांच्या दुकानांतून सर्रास विकले जातात. इंग्रजीत त्याला हर्मिट क्रॅब म्हणतात. आपण शंखवासी खेकडा म्हणू. आमची पुतणी न्यू जर्सीत राहते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाने उन्हाळ्याच्या सुटीत असाच एक खेकडा घरी आणला. दुकानदाराने सोबत तारेचा छोटा पिंजरा, ओला स्पंज व खाण्याची पुडी दिली आणि "याला काहीच लागत नाही" असे सांगून टाकले. डिसेंबर उजाडेपर्यंत खेकडा शंखाबाहेर येईनासा झाला. "काका, तो झोपतो का हो सारखा?" असे पुतणीने व्हिडिओ कॉलवर विचारले, तेव्हा आम्ही या विषयात शिरलो.

तो झोपत नव्हता. त्याचा श्वास कोंडत होता.

हा प्राणी जन्मतो समुद्रात. पिल्ले पाण्यात वाढतात, मग किनाऱ्यावर येऊन रिकामा शंख शोधतात आणि पुढचे सारे आयुष्य जमिनीवर काढतात. त्याच्या पोटाचा भाग मऊ असतो, म्हणून मेलेल्या गोगलगाईचे कवच पाठीवर घेऊन फिरावे लागते. जमिनीवर राहत असला तरी त्याला आपल्यासारखी फुप्फुसे नाहीत, कल्लेच आहेत. कल्ले ओले असतील तोवरच हवेतील प्राणवायू आत जातो. त्यासाठी तो शंखात थोडे पाणी साठवूनही ठेवतो. हवा कोरडी झाली की हे पाणी उडते, कल्ले सुकू लागतात आणि खेकडा गुदमरतो. तेही एका दिवसात नव्हे. आठवडे जातात, कधी महिने. तो ओरडत नाही, तडफडत नाही, नुसता गप्प बसतो. घरच्यांना वाटते शांत स्वभावाचा आहे! बाजारात मिळणारा हा खेकडा मूळचा दक्षिण फ्लोरिडा, वेस्ट इंडिजची बेटे ते व्हेनेझुएला या पट्ट्यातला. तिथली हवा बारमाही दमट. नीट सांभाळला तर तो तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. पिंजऱ्यातले बहुतेक खेकडे मात्र वर्ष-दोन वर्षांत संपतात, आणि त्यांच्या जागी पुन्हा किनाऱ्यावरून पकडलेलेच येतात, कारण व्यापारासाठी त्यांची पैदास जवळजवळ होतच नाही.

त्याला हवेत ७५ ते ८५ टक्के आर्द्रता लागते आणि २४ ते २९ अंश सेल्सिअस ऊब लागते. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात यातले काहीच घरात नसते. बाहेर शून्य अंशाला असलेली हवा, समजा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता जेमतेम २५ टक्के उरते. बाष्प तेवढेच, पण गरम हवेची तहान मोठी. तारेच्या पिंजऱ्यात ओला स्पंज ठेवणे म्हणजे मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर ओला रुमाल वाळत घालण्यासारखे.

नागपूरचे नाव निघालेच आहे तर कूलरही आठवावा. कोरडी हवा ओल्या वाळ्यातून जाते, पाणी पिते आणि दमट होऊन खोलीत येते. पाळीव खेकड्याचे यंत्रही याच तत्त्वावर चालते, फक्त आपल्याला गारवा नको आहे. ओल आणि ऊब दोन्ही हवी. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

यंत्राआधी पेटी. तारेचा पिंजरा बाद करून काचेची माशांची पेटी घ्यावी. झाकण जाळीचे असेल तर त्यावर काच किंवा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवावा. तेही नसेल तर स्वयंपाकघरातील पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद ताणून लावला तरी चालते. हवा ये-जा करण्यास कोपऱ्यात बोटभर फट ठेवावी. हा सरळ जमाखर्च आहे. वरून बाष्प निसटत असेल तर खालून कितीही पाणी घातले तरी शिल्लक राहणार नाही. आमच्या पुतणीच्या घरी केवळ झाकण बदलल्याने आणि तळाला ओलसर वाळू घातल्याने अर्धे काम झाले. पुष्कळ घरांत एवढ्यावरच भागते, यंत्राची गरजही पडत नाही.

ज्यांचे भागत नाही त्यांनी पुढील वस्तू जमवाव्यात. माशांच्या पेटीला हवा देणारा छोटा पंप, त्याची प्लास्टिकची बारीक नळी, बुडबुडे काढणारा दगड, नळीत बसणारी एकमार्गी झडप आणि घट्ट फिरकीचे झाकण असलेली प्लास्टिकची बरणी. शेंगदाणा लोण्याची रिकामी बरणी उत्तम. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने नळीच्या जाडीची दोन भोके पाडावीत. हे काम मोठ्या माणसाने करावे. एका भोकातून पंपाकडून येणारी नळी बरणीच्या तळापर्यंत सोडून तिच्या टोकाला दगड लावावा. दुसऱ्या भोकातील नळी आखूड, तिचे आतले टोक पाण्याच्या वर राहिले पाहिजे. भोकांच्या कडा माशांच्या पेटीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनने बंद करून दोन दिवस वाळू द्याव्यात. स्नानगृहासाठीचे बुरशीनाशक घातलेले सिलिकॉन वापरू नये, ते विषारी असते. बरणी दोन-तृतीयांश पाण्याने भरली, पंप सुरू केला की हवा पाण्यातून बुडबुडत वर येते, ओली होते आणि दुसऱ्या नळीने बाहेर पडते.

आता कूलरची गोष्ट. बरेच जण बरणी पेटीबाहेर टेबलावर ठेवतात आणि आर्द्रता साठ-पासष्टच्या वर का जात नाही म्हणून कपाळाला हात लावतात. खोलीत २० अंश आणि पेटीत २७ अंश असेल तर बरणीतून पूर्ण भिजून निघालेली हवासुद्धा पेटीत तापताच ६६ टक्क्यांवर उतरते. म्हणून बरणी पेटीच्या आतच ठेवावी. पाणी पेटीइतकेच उबदार राहते आणि हिशोब जुळतो. पंप मात्र बाहेर, आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच. वीज गेली तर नळीतून पाणी उलटे वाहून पंपात शिरते. ते अडवण्यासाठीच एकमार्गी झडप आहे, तिची काटकसर करू नये. बरणीचे झाकणही सदैव घट्ट असावे. समुद्रात जन्मलेला हा प्राणी खोल पाण्यात अडकला तर बुडून मरतो, आणि चढण्यात तो पटाईत आहे. पेटी उबदार ठेवण्यासाठी गरम पट्टी लावायची ती मागच्या काचेला. तळाखाली लावली तर वाळू सुकते.

पाण्याबद्दल एक सूचना. आपल्याकडे नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते, असा अनुभव आहे. अमेरिकेतील कित्येक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात, आणि ते असे उडत नाही. माशांच्या दुकानात ते निष्प्रभ करणारे औषध मिळते, त्याचे थेंब टाकूनच पाणी वापरावे. पेटीत एक उथळ भांडे गोड्या पाण्याचे व एक खाऱ्या पाण्याचेही हवे. खारे पाणी माशांच्या पेटीसाठी मिळणाऱ्या समुद्री मिठाचे करावे, जेवणातल्या मिठाचे नव्हे.

आर्द्रता मोजणारे स्वस्त यंत्र दहा-पंधरा टक्के चुकीचे दाखवू शकते. त्याची परीक्षा घरातल्या मिठाने होते. इथे जेवणातले मीठ चालते! बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन विरघळणार नाही इतपत थेंबभर पाण्याने भिजवावे आणि मापकासह हवाबंद पिशवीत एक दिवस ठेवावे. आतील हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवावेत. योगायोग असा की खेकड्याची किमान गरजही तितकीच आहे. आम्हाला या सगळ्यात हा प्रयोग सर्वात आवडला. शाळकरी मुलांकडून तो जरूर करून घ्यावा.

यंत्र अखंड चालवण्याची गरज नसते. काचेवर सतत पाणी ओघळू लागले, वाळूच्या तळाशी पाणी साचले की बुरशी धरते. दिवसातून काही तास पुरतात. बरणी आठवड्याला धुवावी. बाजारात धुक्याचे फवारे सोडणारी यंत्रे मिळतात, ती दिसायला छान, पण हवेपेक्षा वस्तूच जास्त भिजवतात.

कोकणात सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी इथे थांबून सांगणे भाग आहे. रत्नागिरी-मालवणच्या खडकांतल्या डबक्यांत मुलांना जे शंखातले खेकडे सापडतात ते बहुधा समुद्राच्या पाण्यात राहणारे असतात. वरील पेटी त्यांच्या कामाची नाही आणि बादलीतून घरी नेल्यास ते मरतात. जमिनीवर राहणाऱ्या जातीचे खेकडे आपल्याकडे अंदमान-निकोबार व लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवर आहेत. तेही तिथेच असू द्यावेत. मुलांनी ते बघावेत, आणि रिकामे सुबक शंख पिशवीत भरण्याआधी ते कोणाचे घर होऊ शकते हे त्यांना सांगावे.

न्यू जर्सीच्या पेटीत जानेवारीत आर्द्रता ८० टक्क्यांवर स्थिरावली. पुतणीने सांगितले की तिसऱ्या रात्री खेकडा बाहेर आला, खाऱ्या पाण्यात उतरला आणि नारळाचा तुकडा खाऊन गेला. पुढच्या महिन्यात तो वाळूत नाहीसा झाला. मुलगा उकरून काढायला निघाला होता, त्याला वेळीच थांबवले. वाढीसाठी खेकडा वाळूत स्वतःला पुरून घेतो, जुने कवच टाकतो, नवे कडक होईपर्यंत तिथेच राहतो आणि टाकलेले कवच खाऊन टाकतो. एक ते दोन महिने लागतात, मोठ्याला अधिक. म्हणून वाळू किमान सहा इंच खोल आणि किल्ला करता येईल इतपत ओली असावी, आणि त्या काळात तिला हात लावू नये. पंप मात्र रोज सुरू ठेवायचा, वर कोणी दिसत नसले तरी.