रूम बघताय? आधी लायसन्स विचारा!

सप्टेंबर इनटेकचं ऑफर लेटर आलं, व्हिसाची फाइल लागली आणि कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : 'इंग्लंडमध्ये सहा जणांचं घर, एक रूम रिकामी, डिपॉझिट आजच भरा.' सोबत एका पलंगाचा फोटो. तुम्ही नांदेडमध्ये बसून पौंडांचे रुपये करताय, तेवढ्यात आई विचारते, 'घरमालक कोण आहे?' प्रश्न बरोबरच आहे. त्याला फक्त एक जोड द्या : 'घराला एचएमओ लायसन्स आहे का?'

एचएमओ म्हणजे 'हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन'. एकापेक्षा जास्त कुटुंबांतली तीन किंवा अधिक माणसं एकच किचन, बाथरूम वापरत असतील तर ते घर एचएमओ. यातली कुटुंबाची व्याख्या मजेशीर आहे. जोडपं, भावंडं, अगदी मावसभाऊसुद्धा एकच कुटुंब. पण चार वर्षं एका बेंचवर बसलेले पाच दोस्त म्हणजे पाच कुटुंबं! आणि असे पाच जण एका घरात राहिले की मालकाला कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, लायसन्स घ्यावंच लागतं. पूर्वी ही सक्ती तीन किंवा जास्त मजल्यांच्या घरांनाच होती. १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. काही कौन्सिल तीन-चार जणांच्या घरांनाही लायसन्स मागतात. युनिव्हर्सिटीची स्वतःची हॉस्टेलं मात्र यातून वगळली आहेत.

लायसन्सवर घरात किती जणांनी राहायचं तो आकडा असतो. एका माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने ७० चौरस फूट जागा लागते. माळ्यावरची खोली देत असतील तर जास्त सावध राहा, कारण छत दीड मीटरपेक्षा खाली येतं तिथली जमीन मोजतच नाहीत. गॅसची तपासणी दरवर्षी व्हावी लागते, स्मोक अलार्म हवेच.

हा कागदी सोपस्कार वाटत असेल तर शेजारच्या स्कॉटलंडमधली एक घटना ऐका. मार्च १९९९ मध्ये ग्लासगोत तळघरातल्या एका फ्लॅटला आग लागली. खिडक्यांना गज होते. त्या आगीत दोन विद्यार्थी गेले. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, तिथे लायसन्स सक्तीचं झालं. आपण ग्रिलच्या खिडक्यांत वाढलेली माणसं. आपल्याला गज दिसले की उलट सुरक्षित वाटतं.

आता आपल्या मुलांच्या बाबतीत हमखास होणारी गोष्ट. करारावर चौघांची नावं, राहायला सात जण, भाडं रोख. 'पाचापेक्षा कमी दाखवू, लायसन्सची कटकट नको,' असं एजंट गोड आवाजात सांगतो. पण कायदा करारावरची नावं मोजत नाही, घरात राहणारी डोकी मोजतो. आणि लायसन्स नसणं हा मालकाचा गुन्हा आहे, तुमचा नाही. इंग्लंडमध्ये अशा घराचं भरलेलं भाडं ट्रायब्युनलकडे अर्ज करून परत मागता येतं. त्याची मर्यादा बारा महिन्यांच्या भाड्याची होती, २०२५ च्या नव्या कायद्याने ती दुप्पट केली. पण रोख दिलेलं भाडं सिद्ध कसं करणार? म्हणून पैसे बँकेतूनच द्या, मित्राच्या खात्यातून नको.

लायसन्स तपासणं अवघड नाही. प्रत्येक कौन्सिलला लायसन्स असलेल्या घरांची नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवावी लागते. ऑनलाइन सापडली नाही तर कौन्सिलला ईमेल करा. नोंद सापडली की मुदत बघा (लायसन्स जास्तीत जास्त पाच वर्षांचं असतं) आणि माणसांचा आकडा बघा. मालक 'अर्ज केलाय' म्हणाला तर पोच मागा. रीतसर अर्ज पडून असेल तर कायद्याला ते चालतं, नुसतं तोंडी नाही चालत.

ईमेलमध्ये घराचा पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड टाका. समोरचा 'डिपॉझिट आलं की पोस्टकोड देतो' म्हणत असेल तर सरळ पुढचं घर बघा.