पाय दुखतात दुसऱ्या दिवशी

पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी कर्जत स्टेशनवर चिखलाने माखलेल्या बुटांची गर्दी असते. कोणी पेठच्या किल्ल्यावरून आलेलं, कोणी राजमाचीवरून कोंडिवड्यात उतरलेलं. लोकलमध्ये सगळे मजेत. हिशेब चुकता होतो तो सोमवार-मंगळवारी, दादरचा पूल उतरताना. मांड्या अशा भरून आलेल्या असतात की कठड्याला धरल्याशिवाय पायरी उतरवत नाही.

आपण बोल लावतो चढाला. खोडी असते उताराची. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू अंगाचा भार पेलत, ब्रेक लावत लांबत जातो. ताण आणि लांबणं एकाच वेळी झालं की स्नायूतंतूंमधली सूक्ष्म रचना जागोजागी उसवते. लॅक्टिक ॲसिड साचल्याने पाय दुखतात हा समज चिवट आहे, पण ते तास-दोन तासांत निघून जातं. हे दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं.

कारण तोवर दुरुस्ती जोरात सुरू झालेली असते. आधी पांढऱ्या पेशी येऊन मोडतोड गिळतात. मग त्यांच्यातल्याच काही भूमिका बदलून डागडुजीचे संकेत सोडतात. तंतूंच्या कडेला निजलेल्या ‘सॅटेलाइट’ पेशी जाग्या होतात, वाढतात आणि जखमी तंतूंत मिसळून जातात. अलेक्झांडर मौरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या पाहिल्या. पेशीच्या आतही सफाई चालते. निकामी प्रथिनं मोडून त्यांचा माल पुन्हा वापरण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

एकदा असा उतार सोसला की पुढचे काही आठवडे तोच उतार स्नायूंना कमी दुखावतो. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारी ठाकरवाडीतली बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात जाते, त्यात या सवयीचा वाटा मोठा.

म्हणून या दुरुस्तीसोबत सूज आली की ती दाबायची घाई नको. २००९ च्या एका जर्मन प्रयोगात चार आठवडे व्यायामासोबत ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या भारी गोळ्या घेणाऱ्या तरुणांना व्यायामाचा इन्सुलिनविषयक फायदाच मिळाला नाही. व्यायामानंतर दर वेळी बर्फगार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढल्याचं २०१५ मध्ये दिसलं. कर्जतच्या फार्महाऊसवर ‘डिटॉक्स’ विकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पेशींना हवी असते झोप, कारण वाढीच्या संप्रेरकाची मोठी लाट रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येते. आणि हवी प्रथिनं; वालाचं बिरडं, अंडी, सुकट यांवर ती गरज भागते. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार आल्याची ती खूण असू शकते.

मनावरच्या ताणाची गोष्ट वेगळी नाही, फक्त त्याचा डोंगर उतरून घरी जाता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं पोचली नाहीत. भर पावसात पायी चढून जवानांनी कुदळ-फावड्याने चिखल उपसला. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाचलेले लोक पुढे तात्पुरत्या कंटेनरघरांत राहिले.

अशा माणसांच्या पेशींत काय चालतं याची कल्पना एका साध्या प्रयोगावरून येते. अमेरिकेत जॅनिस कीकॉल्ट-ग्लेसर यांनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. ती भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांत तर परीक्षेच्या दिवसांतली जखम सुट्टीतल्या जखमेपेक्षा ४० टक्के हळू भरली. ताण लांबला की कॉर्टिसोल चढा राहतो आणि सफाईला येणाऱ्या पेशींना बोलावणारे रासायनिक निरोपच थंडावतात.

तेव्हा दरडग्रस्तांना कोरडं, सुरक्षित घर देणं हा निव्वळ महसूल खात्याचा विषय राहत नाही. पाऊस कोसळत असताना रात्री झोप लागणं हा दुरुस्तीचाच भाग आहे. महिना उलटला तरी झोप उडालेली असेल, तेच दृश्य पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. बचावपथकातल्यांनीही तो क्रमांक जवळ ठेवावा.