ब्लू-रे प्लेअर घेताय? आधी हे गैरसमज दूर करा

दुकानदारांनी डिस्क प्लेअरचा कप्पा कधीच आवरला. ओप्पोने २०१८ साली नवे प्लेअर बनवणं बंद केलं, २०१९मध्ये सॅमसंगने अमेरिकेत तोच मार्ग धरला. तरीही उत्तम चित्र आणि आवाज यांचा ज्यांना नाद आहे, ते आजही डिस्कच शोधतात. निवडीला मोजकीच मॉडेल्स उरल्यामुळे चुकीची खरेदी मात्र आता जास्त महागात पडते.

गैरसमज : टीव्ही ४के आहे, म्हणजे कुठलीही डिस्क ४के दिसेल.

वस्तुस्थिती : पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. ४के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. बरोबर वीसपट! वीसपैकी एकोणीस ठिपके प्लेअर किंवा टीव्ही अंदाजाने भरतो. चांगल्या यंत्राचा अंदाज चांगला असतो इतकंच. डिस्कवर नसलेला तपशील कुठलंही यंत्र आणू शकत नाही. १९२० × १०८०च्या ब्लू-रेचं चित्र मात्र ४के पडद्यावरही झकास दिसतं.

गैरसमज : ब्लू-रे प्लेअर आहे ना, मग ४के डिस्कही चालेल.

वस्तुस्थिती : नाही चालणार. साध्या ब्लू-रेत २५ किंवा ५० जीबी मावतात. २०१६मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेत, म्हणजेच ४के डिस्कमध्ये, ६६ किंवा १०० जीबीपर्यंत. तिच्यातल्या चित्राची संकेतनपद्धतही वेगळी, एचईव्हीसी. जुन्या प्लेअरला ती उलगडतच नाही. उलट अल्ट्रा एचडी प्लेअर ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही वाजवतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे डबी : ४के डिस्कची बहुधा काळी, साध्या ब्लू-रेची निळी.

गैरसमज : ओटीटीवर ४के दिसतंच, मग डिस्क कशाला?

वस्तुस्थिती : ठिपके तेवढेच असतात, पण त्यांच्यामागची माहिती तेवढी नसते. नेटफ्लिक्स ४केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरेसं मानतं; अल्ट्रा एचडी डिस्कवरचा प्रवाह १००च्याही पुढे जाऊ शकतो. उजेडातल्या संवादाच्या प्रसंगात हा फरक जाणवणार नाही. अंधारी खोली, धूर, धुकं, मुसळधार पाऊस असे प्रसंग लावून पाहा. ओटीटीवर काळोखात चौकोनी डाग आणि पट्टे उमटतात, तिथे डिस्कवर सावलीच्या छटा शाबूत राहतात.

गैरसमज : खोक्यावर डॉल्बी ॲटमॉस लिहिलंय, म्हणजे तो आवाज मिळणारच.

वस्तुस्थिती : इथे सर्वाधिक लोक फसतात. डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असा काटछाट न केलेला आवाज असतो. डोक्यावरूनही आवाज ऐकवणारं ॲटमॉस डिस्कवर ट्रूएचडीतूनच येतं. हा आवाज मूळ रूपात बाहेर पडायला प्लेअरच्या मेनूत ऑडिओ आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’वर हवं आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद हवं. हा पर्याय चालू राहिला, तर मेनूचे आवाज मिसळण्याच्या नादात प्लेअर ॲटमॉस गमावतो. पुढचा अडथळा टीव्हीचा. प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला जोडला असेल, तर टीव्हीतला आवाज एचडीएमआयमधून साउंडबारकडे नेणाऱ्या साध्या एआरसीतून ट्रूएचडी जात नाही, त्यासाठी तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी लागते. साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल आणि ते ४के एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं) चित्र पुढे पाठवत असेल, तर प्लेअर थेट तिथेच जोडावा.

गैरसमज : एचडीआर सगळीकडे सारखंच.

वस्तुस्थिती : ४के डिस्कवरच्या एचडीआर चित्राचा पाया असतो एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ या ऐच्छिक भरी. सॅमसंगने आपल्या टीव्हींसाठी डॉल्बी व्हिजनऐवजी एचडीआर१०+ची वाट धरली. अशा टीव्हीला डॉल्बी व्हिजनवाला महागडा प्लेअर जोडून उपयोग नाही. पॅनासॉनिकचा यूबी८२० दोन्ही वाजवतो. सोनीच्या एक्स७०० आणि एक्स८००एम२ मध्ये डॉल्बी व्हिजन आहे, पण ते डिस्कनुसार मेनूतून हाताने चालू-बंद करावं लागतं. पीएस५ची डिस्कवाली आवृत्ती ४के डिस्क वाजवते, पण तिच्यात डॉल्बी व्हिजन नाही आणि गाण्यांच्या सीडीही चालत नाहीत.

गैरसमज : अमेरिकेहून कुणी येतंय, प्लेअर तिथूनच मागवू.

वस्तुस्थिती : भारत डीव्हीडीसाठी ५ व्या आणि ब्लू-रेसाठी ‘सी’ विभागात येतो, अमेरिका अनुक्रमे १ आणि ‘ए’. विभागाचं कुलूप असलेली इथली डिस्क तिथल्या प्लेअरवर चालणार नाही. ४के डिस्कना सहसा विभागाचं बंधन नसतं, पण त्याच डबीतल्या साध्या ब्लू-रेला असू शकतं. प्लेअरच्या मागची पट्टीही वाचून घ्यायला सांगा. तिथे फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो जळेल.

गैरसमज : केबल जितकी महाग, तितकं चित्र चांगलं.

वस्तुस्थिती : एचडीएमआयमधून आकडे वाहतात. ते पोचतात, नाहीतर चित्र तुटतं किंवा गायब होतं. रंग थोडे फिके पडले, असं होत नाही. ‘प्रीमियम हाय स्पीड’ प्रमाणित केबल पुरे. महत्त्वाचं आहे ते टीव्हीचं सॉकेट : ४केसाठी त्यात एचडीसीपी २.२ हे नकलेपासूनचं संरक्षण हवंच.

तेव्हा दुकानाआधी घरातलं कपाट उघडा. तिथे डीव्हीडीच जास्त असतील आणि ४के डिस्क घ्यायचा बेत नसेल, तर महागड्या प्लेअरचे पैसे वाचवा. ४के डिस्क जमवायच्या असतील, तर आधी टीव्ही कुठलं एचडीआर दाखवतो आणि आवाजाची जोडणी कशी आहे ते बघा, मग त्यांना जुळणारा प्लेअर निवडा. आणि आवाजासाठी फक्त टीव्हीचेच स्पीकर असतील, तर ॲटमॉससाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा आधी साउंडबार घ्या.