‘मजल’ शब्दाविषयीं

जुन्या पत्रांतून व बखरींतून ‘मजल दरमजल’ हा प्रयोग वारंवार भेटतो. लांबच्या, कष्टाच्या वाटचालीस आजहि आपण तोच लावितों. शब्दाचें मूळ मात्र चालण्यांत नसून थांबण्यांत आहे.

अरबींत ‘नझल’ या धातूचा अर्थ खालीं उतरणें. वाटसरूनें वाहनावरून जेथें उतरावयाचें, तें ठिकाण ‘मंझिल’. सरकारी ‘नजूल’ जमिनीचें नांवहि याच धातूपासून निघालें आहे. फारसीच्या द्वारें ‘मंझिल’ मराठींत आला, तेव्हां अनुस्वार गळाला आणि अर्थ दुभंगला: घराचा थर तो ‘मजला’, आणि एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतची वाट ती ‘मजल’. उतरण्याची जागा मागें पडली. तेथवर पोंचण्याचे श्रम तेवढे शब्दांत उरले. (‘मजलस’ हा याचा भाऊबंद नव्हे, त्याचा धातु ‘बसणें’ या अर्थाचा, ‘जलसा’ त्याच घरचा.)

‘दरमजल’ यांतील ‘दर’ आपण ‘दररोज’प्रमाणें ‘प्रत्येक’ अशा अर्थीं घेतों. फारसींत तो मूळचा ‘मध्यें’ या अर्थाचा. एक मजल दुसरींत गुंतलेली, मध्यें उसंत नाहीं, असा त्या जोडशब्दाचा ध्वनि आम्हांस वाटतो.

येथवर व्युत्पत्ति झाली. पण मजलेचे ठराविक कोस धरून पत्रांच्या तारखा बसविणें हें आम्हांस धोक्याचें दिसतें. पाणी, वैरण, घाट आणि नदीचा उतार जेथें मिळेल तेथें मजल संपे. आणि सर्व लष्कराची चाल ओझ्याच्या बैलाच्या चालीवर ठरे. १७३७ त थोरले बाजीराव बादशाही फौजांस बगल देऊन दिल्लीच्या वेशीशीं जाऊन उभे राहिले, तें सड्या फौजेच्या बळावर. उलट, मार्च १७६० त परतुराहून निघालेल्या भाऊसाहेबांस दिल्ली हातीं येण्यास ऑगस्ट उजाडला. बरोबर अवजड तोफखाना, बुणगे, यात्रेकरू व कुटुंबकबिले. त्यांत पावसाळा लागून नद्या दुथडी भरलेल्या. दोन्हीं स्वाऱ्यांच्या वाटचालीस शब्द एकच, ‘मजल’. अंतर मात्र एक नव्हे.

म्हणून पत्रांत मुक्कामाच्या गांवाचें नांव असेल तर तेंच प्रमाण धरावें. मजलांची संख्या त्याशीं ताडून पाहण्यापुरती घ्यावी.