घरातलं शिलाई मशीन, जुन्या काळचा अंगरखा आणि मेहनतीचा हिशोब

आपल्या कितीतरी घरांत शिलाई मशीन आहे. दुपारचा स्वयंपाक आटोपला की अम्मी, आपा किंवा भाभी मशीनवर बसतात. ब्लाउज, सलवार-कमीज, पडदे, नाहीतर ठेकेदाराकडून डझनाच्या भावाने आलेला माल. मेहनत भरपूर, पण महिन्याच्या शेवटी हातात काय राहिलं असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण हिशोब कधी मांडलेलाच नसतो. "घरात बसून तर शिवते," असं म्हणत आपणच त्या कामाचं मोल कमी करतो.

याच हातांना चांगली मजुरी देऊ शकणारं एक काम आहे: ऐतिहासिक पोशाख शिवणं. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, 19 फेब्रुवारीला शिवजयंती, 6 जूनला शिवराज्याभिषेक दिन, शिवाय नाटकं, मिरवणुका आणि लग्नसराई. मागणी वर्षातून अनेकदा येते. पण बाजारात मिळतो तो चमकदार सॅटिनचा, एका कार्यक्रमात उसवणारा माल. नीट शिवून देणारे हात कमी आहेत.

आधी पोशाख समजून घ्या

सतराव्या शतकातला मुख्य पोशाख म्हणजे जामा. वर अंगाला बसणारा, खाली घेरदार, आणि बटणांऐवजी कशांनी म्हणजे बंदांनी बांधायचा. कमरेला पटका, खाली पायजमा, डोक्यावर पगडी. मुघल दरबार, विजापूर-गोवळकोंड्याचे दरबार आणि मराठा सरदार, सगळीकडे याच घडणीचे कपडे चित्रांत दिसतात. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. मुघल काळच्या रिवाजाप्रमाणे मुसलमान जाम्याचे बंद उजव्या बाजूला बांधत आणि हिंदू डाव्या बाजूला. चित्रातला माणूस ओळखायला अभ्यासक आजही ही खूण पाहतात.

शाळेच्या नाटकात मात्र एका बाजूला भरजरी पोशाख आणि दुसऱ्या बाजूला सरसकट काळे-हिरवे झगे दिसतात. हा इतिहास नाही, ही शिलाईतली सोय आहे. नीट शिवलेला जामा हा गैरसमज भाषणाशिवाय दूर करतो. तशीच दुसरी चूक शेरवानीची. शेरवानी एकोणिसाव्या शतकात रुळली. शिवकालीन नाटकात ती चालत नाही.

नमुने पाहायचे असतील तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा हैदराबादचं सालारजंग संग्रहालय बघून या. जुन्या चित्रांत बाही, घेर आणि बंदांची जागा निरखून पाहा.

कापड आणि बेतणी

कापडाच्या बाबतीत आपल्याकडे मोठा वारसा आहे. औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, हिमरू सूत आणि रेशीम मिळून विणलं जातं. मशरू कापडाला वरून रेशीम आणि आतून सूत असतं. पुरुषांना अंगाला रेशीम लावणं मना असल्याने, अंगाला सूत लागेल असं हे कापड चाललं. 'मशरू' या शब्दाचा अर्थच 'शरियतला मान्य' असा आहे. रोजच्या ऑर्डरला अर्थातच साधं जाड सुती कापड पुरतं.

कोरं सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेता; नाहीतर पहिल्याच धुण्यात पोशाख आखडतो. अंगरख्याच्या कळ्या, काखेतला जोड आणि छातीवरचा आतला पडदा या तीन जागी चूक होते. म्हणून पहिल्यांदा मांजरपाटावर कापून, टाचून, अंगावर घालून बघा. मुलांच्या पोशाखात शिवणीला दोन बोटं माया सोडा, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतो. स्टेजवर पटकन बदलायचा असेल तर आतून वेल्क्रो लावा आणि वरून बंद दिसू द्या.

दर कसा ठरवायचा?

समजा, एक मोठ्या माणसाचा अंगरखा आहे. 5 मीटर कापड 120 रुपयांनी 600, अस्तर 120, गोट, दोरा आणि बंद 130. सामान झालं 850 रुपयांचं. काम 14 तासांचं, ताशी 80 रुपये धरले तर 1,120. वीज, मशीनची झीज आणि रिक्षा 150. एकूण 2,120. त्यावर 15 टक्के नफा 318 रुपये, म्हणजे दर साधारण 2,450.

आता हाच अंगरखा ओळखीपाळखीत 1,500 ला दिला तर काय होतं बघा. सामान आणि वरखर्चाचे 1,000 वजा जाता 14 तासांचे 500 रुपये, म्हणजे ताशी 36 रुपयेसुद्धा नाहीत. नातं सांभाळायचं असेल तर नफा सोडा, मजुरी सोडू नका.

ऑर्डर घेताना माप, तारीख आणि दर वहीत लिहा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, म्हणजे कापडाला घरखर्चातून पैसे काढावे लागणार नाहीत. मुलांचे पोशाख भाड्यानेही देता येतात. 700 रुपयांत तयार झालेला मावळ्याचा पोशाख 150 रुपये भाड्याने पाच वेळा गेला की पैसे वसूल. अनामत रक्कम मात्र ठेवून घ्या.

नोंदणी आणि योजना

उद्यम नोंदणी आधार कार्डावर सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. कर्जाची सोयही आहे, पण त्यावर व्याज आहे. ज्यांना सूद नको, त्यांनी अर्ज करताना आपल्याला फक्त प्रशिक्षण आणि अवजारं हवी आहेत हे स्पष्ट सांगावं. पती, पत्नी आणि अविवाहित मुलं मिळून कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. त्यामुळे अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे घरात बसून ठरवा. मशीनवर जी बसते, तिचंच नाव अर्जावर असावं.

आणि घरातल्या पुरुषांना एक विनंती. कापड आणणं, ऑर्डर पोहोचवणं आणि राहिलेले पैसे मागणं ही कामं तुम्ही उचला. पैसे आले की ते तिच्याच हातात द्या. स्त्रीची कमाई तिची असते, हे आपल्याला दीनने शिकवलंय. ते वहीतही दिसू द्या. बरकत तिथूनच सुरू होईल, इन्शाअल्लाह.